कालवडी-गोऱ्ह्यांचा चराईचा दिवस

वर्ष-दीड वर्षाची कालवड किंवा गोऱ्हा मोकळ्या रानात सोडला आणि त्याला हाकणारे कोणी नसले, तर चोवीस तासांपैकी साधारण आठ ते दहा तास तो चरतो, सहा ते आठ तास रवंथ करतो आणि उरलेला वेळ चालण्यात, पाणी पिण्यात, अंग घासण्यात किंवा नुसते बसून राहण्यात घालवतो. चरण्याचे तास सलग नसतात. पहिली मोठी फेरी उजाडता उजाडता सुरू होते आणि दोन-तीन तास चालते. दुसरी उन्हे कलल्यावर सुरू होते आणि अंधार दाटेपर्यंत चालू राहते. चोवीस तासांतली सर्वांत नेटाची चराई हीच. दुपारी एखादी तुटक फेरी होते, मध्यरात्रीच्या आगेमागे आणखी एक. गवताचा प्रकार, हवामान आणि जनावराची जात बदलली तरी पहाट आणि तिन्हीसांजेची ही दोन शिखरे बहुतेक सर्व देशांतल्या नोंदींत सापडतात.

जबलपूरच्या आसपासच्या खेड्यांतला कळप मात्र या वेळापत्रकाने चालत नाही. सकाळची धार, घरची कामे, मग वेशीबाहेरच्या मोकळ्या जागी गावची गुरे गोळा होणे. बरेदी, म्हणजे तिकडचा गुराखी, ती घेऊन निघेपर्यंत नऊ-दहा वाजतात. दिवस मावळण्याच्या आत कळप परत दावणीला येतो. म्हणजे चरण्याच्या दोन उत्तम वेळा जनावर गोठ्यात काढते आणि ज्या वेळी त्याला झाडाखाली बसायचे असते, नेमके तेव्हा ते रानात असते. मोठी गाय यातून कसेबसे निभावते. वासराला ते का जमत नाही, हा या विषयाचा गाभा आहे.

आधी जमिनीविषयी. जबलपूरला वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे नकाशावर हा जिल्हा अर्धशुष्क पट्ट्यात बसत नाही. खऱ्या अर्थाने अर्धशुष्क म्हणजे साताऱ्याचा माण-खटाव, सोलापूरचे सांगोला, सांगलीचे आटपाडी आणि जत. पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस आणि खिलार गुरे असलेला हा मुलूख. पण जबलपूरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. मदनमहालच्या ग्रॅनाइटी टेकड्यांवर किंवा कुंडमच्या मुरमाड चढांवर मातीचा थर इतका पातळ की ओल टिकत नाही. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत हे रान गुरांच्या दृष्टीने माणदेशाहून फारसे वेगळे राहत नाही. गवताचे कूळही एकच आहे. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातील गवताळ आच्छादनाचे जे पाच मोठे प्रकार ठरवले, त्यांपैकी पवन्या-मारवेलचा प्रकार दख्खन आणि मध्य भारताच्या पठाराला व्यापतो. पवन्या आणि मारवेल ही त्यातली चांगली गवते. चराई हाताबाहेर गेली की त्यांची जागा कुसळी घेते आणि तीही ओरबाडली गेली की उरते ती तुरळक एकवर्षायू गवते आणि उघडा मुरूम. जबलपूरच्या दक्षिणेला लागून असलेल्या शिवनी जिल्ह्यात तर गवळाऊ गुरांचा मुलूखच सुरू होतो. तो छिंदवाडा-बालाघाटावरून नागपूर-वर्ध्यापर्यंत पसरलेला आहे.

आता वासराच्या तोंडाकडे जवळून पाहावे. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे एक चिवट गादी असते. कालवड जीभ बाहेर काढून गवताच्या झुबक्याला विळखा घालते, तो खालचे दात आणि ही गादी यांच्यात धरते आणि मान किंचित झटकून तोडते. तोडल्याचा आवाज चार-पाच हातांवरून स्पष्ट ऐकू येतो. गवत कोवळे आणि दाट असेल तर मिनिटाला पन्नास-साठ घास होतात. उन्हाळ्यात, वाळक्या काड्यांतून एकेक पान वेचायचे असते तेव्हा वेग निम्म्यावर येतो. मेंढी जमिनीलगतचे गवतही दातांनी कुरतडू शकते. गुरांना जिभेचा विळखा घालण्याइतकी तरी उंची लागते, म्हणून फार खुडलेल्या माळावर त्यांची उपासमार शेळ्या-मेंढ्यांच्या आधी सुरू होते.

उष्ण प्रदेशातल्या कुरणांवर घासाचे माप किती निर्णायक असते, हे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये टी. एच. स्टॉब्स यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवले. त्यांच्या निष्कर्षानुसार गाय दिवसाला फार तर छत्तीस हजार घास घेऊ शकते आणि घास ०.३ ग्रॅमपेक्षा लहान झाला की वेळ वाढवूनही तिचे पोट भरत नाही. हाच हिशेब वासराला लावून पाहता येतो. दीडशे किलोच्या कालवडीला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे पावणेचार किलो कोरडा चारा लागतो असे धरू. घास ०.२ ग्रॅमचा आणि वेग मिनिटाला चाळीस असेल तर १८,७५० घास, म्हणजे पावणेआठ तास. गवत विरळ होऊन घास ०.१२ ग्रॅमवर आला तर ३१,२५० घास आणि तब्बल तेरा तास. बरेदीच्या वेळापत्रकात तिला रानात मिळतात सात-आठ तास, आणि त्यातले दोन-तीन जाण्यायेण्यात, पाण्यावर आणि दुपारच्या सावलीत सरतात. उन्हाळ्यातल्या कालवडीच्या बरगड्या का दिसतात, याचे निम्मे उत्तर या गुणाकारात आहे.

उरलेले निम्मे पोटात आहे. जन्मतः वासराचे पोटातले मोठे कोठार, म्हणजे रुमेन, लहान आणि निकामी असते. दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जाते. दोन-तीन आठवड्यांचे वासरू गवताच्या काड्या चघळू लागते, त्यासोबत जंतू पोटात जातात आणि तीन-चार महिन्यांत रुमेन कामाला लागते. पण लहान जनावराची अडचण पुढेही सुटत नाही. पोटाची क्षमता वजनाच्या प्रमाणात वाढते, ऊर्जेची गरज मात्र वजनाच्या मानाने हळू वाढते. दीडशे किलोच्या कालवडीला दर किलो वजनामागे साडेतीनशे किलोच्या गाईपेक्षा जवळजवळ चौथाई जास्त ऊर्जा लागते. वाढीसाठी लागणारी प्रथिने वेगळीच. म्हणजे तिचा चारा गाईच्या चाऱ्यापेक्षा सरस हवा. ती निवडून खाते ती यासाठी: काडी टाळून पान, खालचे जून टाळून वरचा शेंडा. तोंड अरुंद असल्याने हे निवडणे तिला गाईपेक्षा चांगले जमते, पण निवडायला वेळ लागतो आणि वेळच तर अपुरा असतो.

चाऱ्यातली प्रथिने सात टक्क्यांखाली गेली की रुमेनमधल्या जंतूंना नत्र पुरत नाही, पचन मंदावते, पोट रिकामे होत नाही आणि भूकच मरते. आपल्याकडची रानगवते दिवाळीनंतर या रेषेखाली उतरू लागतात आणि उन्हाळ्यात तीन-चार टक्क्यांवर येतात. त्यामुळे चराईच्या तासांचा आलेख वर्षभरात एक गमतीचे वळण घेतो. हिवाळ्यात गवत विरळ होत जाते तसे तास वाढतात. एका टप्प्यानंतर मात्र चारा इतका निकृष्ट होतो की तास पुन्हा घटतात. जनावर माळावर मान वर करून उभे दिसते तेव्हा ते तृप्त आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे पोट न पचणाऱ्या काड्यांनी ठासलेले असते.

उष्णता याच सुमाराला चढते. जबलपूरला मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने ४१-४२ अंशांवर जाते. भारतीय वशिंडाची गुरे युरोपीय गुरांपेक्षा ऊन बरेच सोसतात. अमेरिकेत लुइझियानातल्या जीनरेट येथे १९३० च्या दशकात ए. ओ. ऱ्होड यांनी दोन्ही प्रकारची गुरे शेजारी शेजारी चरताना पाहिली, तेव्हा अँगस गुरे सावलीकडे पळत आणि ब्राह्मण वंशाची उन्हातही चरत राहत. म्हणून जबलपूरच्या डेअऱ्यांमधली संकरित कालवड आणि खेड्यातली गावठी कालवड यांना एकच वेळापत्रक लावणे चुकीचे ठरते. संकरित कालवड मे महिन्यात अकरानंतर चरत नाही, नुसती धापते. गावठी जनावरही बारा ते चार या वेळेत मोह-पळसाच्या सावलीत रवंथ करत बसते. ते आळसाने बसलेले नसते. उठवून हाकलले तर रवंथ तुटते आणि पुढच्या फेरीसाठी पोटात जागा होत नाही.

पाणी आणि चाल यांचाही हिशेब आहे. थंडीत किलोभर कोरड्या चाऱ्यामागे गुरांना तीनेक लिटर पाणी लागते, ३२ अंशांच्या हवेत त्याच्या दुपटीहून अधिक. सपाटीवर चालताना दर किलो वजनामागे दर मीटरला सुमारे दोन ज्यूल ऊर्जा खर्च होते. दीडशे किलोचे जनावर दहा किलोमीटर चालले तर तीन मेगाज्यूल जातात. त्याची दिवसभर नुसते जगण्याची गरज वीसेक मेगाज्यूलची असते. म्हणजे सातवा हिस्सा केवळ पायांनी खाल्ला. चढताना उंचीच्या दर मीटरला तोच खर्च दहापटीहून जास्त. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये जेरी होलेचेक यांनी १९८८ साली कुरणाची क्षमता ठरवण्याचे जे आडाखे मांडले, त्यांत पाण्यापासून एक मैलापर्यंतचे गवत पूर्ण धरायचे, एक ते दोन मैलांमधले निम्मे आणि दोन मैलांपलीकडचे अजिबात नाही, असा नियम आहे. तिथली गुरे आपापली हिंडतात, इथली हाकली जातात. तरी कळपाच्या मागे रेंगाळणारे सात-आठ महिन्यांचे वासरू पाहिले की हा नियम पटतो. मोठी जनावरे नव्या गवताशी पोहोचून चरू लागलेली असतात, ते अजून वाटेत असते आणि पोहोचते तेव्हा शेंडे संपलेले असतात.

जबलपूरच्या वर्षाची मांडणी त्याच्या शेतीने केलेली आहे. पाटण, सिहोरा, मझौली या भागांतली काळी भारी जमीन हवेली नावाने ओळखली जाते. उंच बांध घालून पावसाचे पाणी शेतात कोंडायचे आणि पाऊस सरल्यावर ते सोडून गहू-हरभरा पेरायचा, अशी तिथली जुनी पद्धत. पावसाळाभर शेते पाण्याखाली असल्याने चराईला उरत ते बांध, रस्त्याच्या कडा आणि उंचावरची मुरमाड जमीन. आता पुष्कळ ठिकाणी त्याच पाण्यात धान उभे असते. म्हणजे गवत जेव्हा सर्वांत पौष्टिक, तेव्हाच रान सर्वांत अपुरे. त्या कोवळ्या गवतात ऐंशी टक्के पाणीच असते, त्यामुळे वासरू तुडुंब दिसते आणि त्याला कोरडा चारा मात्र थोडा मिळतो. गोमाशांनी हैराण झालेला कळप एकमेकांना खेटून उभा राहतो, त्यातही तास जातात. हिवाळ्यात पहाटेचा पारा नऊ-दहा अंशांवर येतो, दव जड असते, आणि गुरांची पहिली फेरी आपोआप उशिरा सरकते. बरेदीचे घड्याळ आणि वासराचे पोट यांचे वर्षातून एकदा इथे जमते. वाटाण्याचे वेल आणि मोकळ्या झालेल्या शेतातले धसकट हा त्या दिवसांचा खुराक. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुले रात्री आणि पहाटे पडतात आणि गुरांना ती फार आवडतात, पण कुंडमकडची माणसेही त्याच वेळी टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. गुरे तिथे पोहोचतात ती झाडलोट झाल्यावर. माणदेशात मोहाची जागा बाभळीच्या शेंगा घेतात.

काय खावे आणि काय सोडावे हे वासरू शिकते, आणि शिकते ते मुख्यतः आईच्या तोंडाशी तोंड लावून. अमेरिकेत यूटा स्टेट विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी हा विषय अनेक वर्षे लावून धरला: आईसोबत चाखलेली वनस्पती पिलू पुढे निःशंक खाते, अनोळखी वनस्पती चिमटीने चाखते आणि पोटात दुखले तर ती चव लक्षात ठेवते. आपल्या पद्धतीत इथेच खोट आहे. दूध वाचावे म्हणून वासरू घरी दाव्याला बांधतात आणि गाय एकटी रानात जाते. वासराची पहिली चराई म्हणजे गोठ्यामागची हरळी. सहा-आठ महिन्यांनी ते कळपात सामील होते तेव्हा आई असलीच तर तिने त्याला तोडलेले असते. मग ते दुसऱ्या कोणा थोराड गाईच्या मागे लागून शिकते, बुजत आणि मार खात. भुकेल्या, अननुभवी वासराच्या हातून चुका होतात. घाणेरीने यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलून निघते. उन्हाळ्यात भोवती दुसरे हिरवे नसले की वासरे तिच्याकडे वळतात. कुसळीची कुसळे ऑक्टोबरनंतर ओठांत आणि कातडीत रुततात. मुरलेली गाय तोवर कुसळी सोडून देते, वासराला हे कळायला एक हंगाम लागतो.

रात्रीच्या चराईचा प्रश्न जुना आहे. पहाटे किंवा रात्री गुरे चारायला नेण्याला मराठीत ‘पसर’ म्हणतात आणि हिंदीतही हाच शब्द आहे. औताला जुंपायच्या बैलांना उजाडण्याआधी पसरीला नेणे हा रिवाज होता. बैलाला ही सवलत मिळे, कालवडीला सहसा मिळत नसे. आफ्रिकेत नायजर देशात ऑगस्टीन आयान्तुंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिवसाच्या चराईला कोरड्या ऋतूत रात्रीच्या चराईची जोड दिली, तेव्हा गुरांचे खाणे वाढले आणि वजनही. जबलपूरला हे सरसकट शक्य नाही. टेकड्यांत बिबट्या आहे आणि बिबट्याला मोठ्या गाईपेक्षा वासरूच झेपते. रात्री गुरे पिकात शिरली तर भांडण आणि कांजी हाउस, म्हणजे कोंडवाडा. शिवाय पावसाळ्यात दवाने भिजलेल्या गवताच्या शेंड्यांवर कृमींच्या अळ्या चढलेल्या असतात आणि त्यांची सर्वाधिक बाधा वाढत्या जनावरांना होते, म्हणून श्रावण-भाद्रपदात ओलसर सखल जागी पहाटेची चराई टाळणेच बरे. पसरीचा खरा मोसम मार्च ते जून. त्या दिवसांत कळप नऊऐवजी पाच-साडेपाचला सुटला, साडेदहा-अकराला सावलीत आला आणि चारनंतर पुन्हा अंधारापर्यंत चरला, तर रानातले तास तेवढेच राहून चरण्याचे तास वाढतात. अडचण गवताची नसते, धारेच्या वेळेची आणि बरेदीच्या मजुरीची असते.

चराई मोजण्याची साधने बदलत गेली. आरंभी निरीक्षक वही घेऊन बसे आणि दर पाच-दहा मिनिटांनी प्रत्येक जनावर काय करते ते टिपे. कॉर्नेल विद्यापीठात जॉन्स्टन-वॉलेस आणि केनेडी यांनी १९४४ साली याच रीतीने चराईचा दिवस मांडला. नंतर गळ्यातल्या लंबकाच्या हेलकाव्यांवरून चरण्याचे तास कागदावर उमटवणारी घड्याळे आली आणि १९९० नंतर उपग्रहाशी जोडलेले पट्टे. या सगळ्याच्या आधीपासून गुराख्याजवळ एक साधन आहे: गळ्यातली घंटा. चरताना ती अडखळत, थोड्या थोड्या अंतराने वाजते, चालताना तालात, रवंथ करताना जवळजवळ गप्प. झाडाखाली डोळे मिटून पडलेल्या बरेदीला कळप कुठे आहे इतकेच कळत नाही, काय करतो आहे हेही कळते.

जबलपूरला पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासून आहे, ते आता २००९ साली स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ चे. ‘जवाहर बरसीम’सारखे चाऱ्याचे वाण याच कृषी विद्यापीठाने दिले. पण बरसीम विहिरीवाल्याच्या दुभत्या गाईला मिळते. भाकड गाय, कालवड आणि गोऱ्हा रानावरच राहतात. २०१९ च्या पशुगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १.८७ कोटी गोवंश मोजला गेला. त्यांच्यासाठी राखायची चरनोई, म्हणजे आपले गायरान, कायद्याने गावाच्या शेतजमिनीच्या किमान दोन टक्के इतकीच उरली आहे. रब्बीनंतर शेते सर्वांच्या गुरांना मोकळी असत, तो काळही आखडला. गहू यंत्राने कापला जातो, नरवाई म्हणजे धसकटे जाळली जातात आणि पाणी असेल तिथे लगेच उन्हाळी मूग पेरला जातो. चराईचा दिवस लांबवता येईल, पण तो लांबवायला रान हवे.

रान कमी आणि निकृष्ट असेल तर गोठ्यात काय द्यावे, इतकेच ‘कधी द्यावे’ हेही महत्त्वाचे. अमेरिकेत मोंटानातल्या माइल्स सिटी येथे डी. सी. अ‍ॅडम्स यांनी १९८५ साली वर्षाच्या खच्ची गोऱ्ह्यांना पूरक मका एका गटाला सकाळी, दुसऱ्याला दुपारी दिला. दुपारच्या गटाचे वजन अधिक वाढले, कारण सकाळी मका मिळणारे गोऱ्हे सकाळची मुख्य चराई सोडून खुराकाची वाट पाहत राहत. इथल्या कालवडीला मूठभर पेंड द्यायची तर ती सुटण्याआधी देऊ नये. दुपारच्या विसाव्यात किंवा परतल्यावर द्यावी. गव्हाचे भूस किंवा भाताचा पेंढा युरियाने मऊ करण्याची रीत सोपी आहे: शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया पुरेशा पाण्यात विरघळवून शिंपडायचा, चारा दाबून झाकायचा आणि तीन आठवड्यांनी उघडायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा चारा देत नाहीत. त्याचे रुमेन अजून त्या नत्राला तयार नसते. तेवढ्या वासरासाठी हिरव्या चाऱ्याची पेंढी बाजूला ठेवावी आणि ती त्याच्याच पुढे पडेल अशी वेगळी दावण करावी, कारण एका गव्हाणीवर सगळी बांधली की पेंढी मोठ्या गाईच्या तोंडात जाते.